अमेरिकेतल्या रिजनल विमानांचे पायलट खरंच थकलेले असतात का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत तिकीट काढलं मोठ्या एअरलाइनचं, पण शेवटच्या टप्प्याला पन्नास-पंचाहत्तर सीटचं विमान आलं आणि तिकिटावर बारीक अक्षरांत भलत्याच कंपनीचं नाव. या छोट्या कंपन्यांचे पायलट कमी पगारात आणि अर्धवट झोपेवर विमान उडवतात असं ऐकलंय. यात तथ्य किती, आणि अशा विमानात बसावं का?

बसावं. फेब्रुवारी २००९ मधल्या बफेलोच्या अपघातानंतर जवळजवळ सोळा वर्षं अमेरिकेत रिजनल कंपनीच्या विमानातले सगळे प्रवासी दगावले असा एकही अपघात झाला नाही. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये एक रिजनल जेट लष्कराच्या हेलिकॉप्टरवर आदळून ६७ जण गेले. पण तिथे मुद्दा हेलिकॉप्टरचा मार्ग आणि धावपट्टीकडे उतरण्याची वाट यांच्यात पुरेसं अंतर नसण्याचा होता, रिजनल पायलटच्या पगाराचा किंवा झोपेचा नव्हता. तरीही जे ऐकलंय ते खोटं नाही. २००९ च्या आधी ते बऱ्यापैकी खरं होतं. त्यातलं बरंचसं कायद्याने बदललं आणि काही तसंच राहिलं, कारण कायद्याला ड्युटीचे तास मोजता येतात, माणूस किती झोपला ते मोजता येत नाही.

आधी पैशाचं गणित, कारण पुढचं सगळं तिथून निघतं. रिजनल कंपनी तुम्हाला तिकीट विकत नाही. मोठी एअरलाइन मार्ग ठरवते, वेळापत्रक आखते, तिकीट विकते, बहुतेक करारांत इंधनाचा खर्चही तिचाच. रिजनल कंपनीला विमान आणि क्रू पुरवण्याबद्दल उड्डाणामागे आणि तासामागे ठरलेली रक्कम मिळते. विमान भरून गेलं काय आणि रिकामं गेलं काय, तिच्या मिळकतीत फरक पडत नाही. करार संपला की मोठी एअरलाइन दुसऱ्या रिजनल कंपनीकडून भाव मागवते. विमानांच्या किमती आणि विमानतळाची शुल्कं सगळ्यांना जवळपास सारखीच, मग भाव पाडायचा कुठून? पायलट, केबिन क्रू आणि मेकॅनिक यांच्या पगारातून. वर्षानुवर्षं तेच झालं.

त्यात पायलटचा पगार मोजला जातो 'ब्लॉक'च्या तासांवर, म्हणजे गेटवरून विमान हललं तिथपासून पुढच्या गेटवर थांबेपर्यंत. महिन्याला साधारण ७५ तासांची हमी असते. विमानाभोवतीची फेरी, कागदपत्रं, दोन उड्डाणांमधला अडीच तासांचा खोळंबा हे बहुतेक ठिकाणी या हिशेबात धरत नाहीत. बारा तास ड्युटी करून पगाराचे तास साडेपाच भरणं हा रोजचा प्रकार.

आता २००९ ची घटना, कारण आजचा सगळा नियम तिच्यावर उभा आहे. १२ फेब्रुवारीच्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं डॅश ८ क्यू४०० क्लॅरेन्स सेंटर या गावात एका घरावर पडलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. बर्फ साचण्याची शक्यता असल्यामुळे क्रूने 'रेफ स्पीड्स'चा स्विच 'इन्क्रीज'वर ठेवला होता. त्यामुळे स्टॉलची, म्हणजे वेग फार पडून पंखांची उचल सुटण्याची, सूचना देणारा स्टिक शेकर नेहमीपेक्षा जास्त वेगाला, सुमारे १३१ नॉट्सला वाजणार होता. पण उतरण्याचा वेग त्यांनी लावला ११८ नॉट्स, बर्फ नसतानाचा. दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. चाकं खाली, पॉवर जवळपास आयडलवर, वेग पडत चाललेला. शेकर वाजला, ऑटोपायलट सुटला. विमान तोवर स्टॉल झालेलं नव्हतं. नाक खाली आणि पॉवर पूर्ण, एवढं केलं असतं तर सावरलं असतं. कॅप्टनने स्टिक मागे ओढली आणि पॉवरही पूर्ण दिली नाही. फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, कॅप्टनने सांगितलेलं नसताना फ्लॅप (कमी वेगात उचल देणारे पंखांचे भाग) वर घेतले. अर्ध्या मिनिटात खेळ संपला.

या दोघांची आदली रात्र कशी गेली होती ते पाहा. फर्स्ट ऑफिसर सिएटलला राहायची. ती रात्री मालवाहू विमानांच्या जंपसीटवर (कर्मचाऱ्यांसाठीच्या जादा सीटवर) बसून मेम्फिसमार्गे सकाळी साडेसहाच्या सुमारास नेवार्कला पोचली. कॅप्टनचं घर टँपाजवळ. तो आदल्या रात्री नेवार्कच्या क्रू रूममध्येच पडून होता आणि पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी कंपनीच्या संगणकावर लॉग-इन झालेला होता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, म्हणजे एनटीएसबी, या निष्कर्षाला आलं की थकव्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता दाट आहे, पण त्याचा वाटा नेमका किती ते ठरवता येत नाही. थकवा प्रकरणात नेहमी हीच अडचण असते. दारूसारखी रक्ताची चाचणी नाही. ब्लॅक बॉक्समध्ये जांभई ऐकू येते, पण वेगाकडे लक्ष का गेलं नाही हे ऐकू येत नाही.

मंडळाला आणखी एक गोष्ट सापडली आणि ती जास्त बोलकी आहे. नेवार्क बेसच्या (जिथून ड्युटी सुरू होते त्या ठिकाणच्या) १३७ पायलटांपैकी ९३ जण बाहेरगावाहून विमानाने कामाला येत होते, त्यातले २९ जण एक हजार मैलांपेक्षा लांबून. कारण सरळ आहे: कनिष्ठ पायलटला कंपनी महागड्या शहरात बेस देते, पगार तिथलं भाडं झेपण्याइतका नसतो, आणि बेस तर वर्षभरात बदलूही शकतो. मग घर हलवण्यापेक्षा विमानाने ये-जा परवडते. बेसच्या गावात सहा-आठ जण मिळून एक फ्लॅट घेतात, त्याला 'क्रॅश पॅड' म्हणतात. या धंद्यात हे नाव कुणाला सुचलं असेल कोण जाणे.

कोल्गनच्या आधीची यादीही लहान नाही. २००४ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिलला जेटस्ट्रीम नावाचं छोटं विमान पडलं आणि १५ पैकी १३ जण गेले. क्रूचं त्या दिवसातलं ते सहावं उड्डाण होतं आणि ड्युटीचे चौदा तास उलटून गेले होते. फेब्रुवारी २००८ मध्ये होनोलुलूहून हिलोला निघालेल्या जेटचे दोन्ही पायलट चक्क झोपले. विमान २१,००० फुटांवरून हिलोच्या पुढे सुमारे २६ नॉटिकल मैल गेलं आणि अठरा मिनिटं रेडिओला उत्तर नव्हतं. वेळ सकाळची होती, रात्रीची नव्हे. सलग काही दिवस पहाटे कामावर आलेले होते, त्यात कॅप्टनला निदान न झालेला स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा विकार.

कोल्गननंतर मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टन सोडलंच नाही. ऑगस्ट २०१० मध्ये कायदा झाला आणि त्यातून आलेला 'पार्ट ११७' हा ड्युटी-विश्रांतीचा नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जुन्या नियमात विश्रांती नऊ तास होती, ती आठवर आणता यायची, आणि ते आठ तास ड्युटीतून सुटल्यापासून पुन्हा हजर होईपर्यंतचे. व्हॅन, हॉटेल, अंघोळ, जेवण वजा केलं की हाती साडेचार-पाच तासांची झोप.

आता दोन ड्युटींमध्ये किमान १० तास, आणि त्यात ८ तास सलग झोपेची संधी मिळालीच पाहिजे. रात्री २२:३५ ला सुटका झाली असं धरा. व्हॅनची वाट आणि हॉटेल गाठेपर्यंत २३:१५. पुढची हजेरी ०८:३५ ला, म्हणजे हॉटेलमधून ०७:५५ ला निघायचं, उठायचं ०७:१५ ला. बरोबर आठ तास, तेही खोलीत शिरल्या शिरल्या डोळा लागला तर. व्हॅन अर्धा तास उशिरा आली की आठ भरत नाहीत. अशा वेळी पायलटने कंपनीला कळवायचं आणि आठ तासांची संधी मिळेपर्यंत हजर व्हायचं नाही, असं नियमच सांगतो. हे कलम कागदावर उत्तम आहे. ते किती वेळा वापरलं जातं हे कंपनीच्या स्वभावावर अवलंबून.

ड्युटी किती लांब असावी हे आता दोन गोष्टींवर ठरतं: हजेरीची वेळ आणि त्या दिवसातली उड्डाणं. सकाळी ७ ते दुपारी १२ च्या आत हजर झालात आणि एक-दोनच उड्डाणं असतील तर १४ तास. सकाळी ५:३० ला हजर झालात आणि पाच उड्डाणं असतील तर ११ तास ३० मिनिटं. मध्यरात्री ते पहाटे चारच्या आत हजेरी असेल तर ९ तासच. याशिवाय २८ दिवसांत १०० तासांपेक्षा जास्त उड्डाण नाही, वर्षात १,००० पेक्षा जास्त नाही, आणि आठवड्यात सलग ३० तास पूर्ण मोकळे.

उड्डाणांची संख्या धरली हा रिजनलवाल्यांच्या दृष्टीने मोठा बदल. थकवा नुसत्या तासांनी नाही, टेक-ऑफ-लँडिंगनेही वाढतो. लांब पल्ल्याचा पायलट दहा तासांत एक लँडिंग करतो, रिजनलचा पाच-सहा. प्रत्येक वेळी नवं हवामान, नवं वजन, नवी धावपट्टी, मध्ये गेटवर तीस मिनिटं. त्यात सीआरजे-२०० सारख्या विमानात ऑटोथ्रॉटल नाही. पॉवर हाताने द्यायची आणि वेगावर नजर माणसाचीच. बफेलोला पडलेल्या क्यू४०० मध्येही ऑटोथ्रॉटल नव्हता. नजर चुकली तर आठवण करून देणारा शेकरच.

आता उरलेली भोकं. पहिलं 'रिझर्व्ह'चं. कनिष्ठ पायलटला ठरलेलं वेळापत्रक मिळत नाही. तो फोनच्या अंतरावर असतो आणि दोनेक तासांत हजर होतो. ही फोनवर थांबण्याची मुदत जास्तीत जास्त १४ तास. समजा ती सकाळी १० ते रात्री १२ अशी आहे. फोन आला दुपारी साडेतीनला, हजेरी साडेपाचला, दोन उड्डाणं. नियमाप्रमाणे थांबण्याच्या सुरुवातीपासून १६ तास, म्हणजे पहाटे २ पर्यंत त्याला वापरता येतं. नियम गृहीत धरतो की हा माणूस १० पर्यंत झोपला. घरी दोन मुलं असलेला माणूस १० पर्यंत झोपत नाही, तो ६ ला उठतो. पहाटे २ ला तो वीस तास जागा असतो. आणि १७ तास जागा राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, हे १९९७ पासून प्रयोगाने माहीत आहे. पायलटला मद्याची मर्यादा ०.०४ आहे. म्हणजे इथे नियम मोडलाच नाही आणि तरी माणूस मर्यादेपलीकडे गेला.

दुसरं भोक म्हणजे रात्रीचं सलग काम. धंद्यात त्याला 'स्टँड-अप' म्हणतात. छोट्या गावाचं शेवटचं विमान रात्री न्यायचं आणि पहाटेचं पहिलं परत आणायचं. ते मोठ्या शहरातून सुटणाऱ्या सकाळच्या विमानांना प्रवासी पुरवतं, म्हणून कंपन्यांना ते हवंच असतं. हजेरी २०:४५, गाव गाठलं २२:५०, हॉटेल २३:३०, उठायचं ०४:१५, उड्डाण ०५:३०, परत ०६:५०. सगळी मिळून एकच ड्युटी, दहा-सव्वादहा तासांची. दोन उड्डाणांना बारा तासांची मुभा असल्यामुळे हॉटेलातले तास धरले तरी कायदेशीर. झोप चार तास, आणि उड्डाणाची वेळ शरीराच्या घड्याळाच्या तळाला, पहाटे २ ते ६ च्या शेवटी. मध्ये किमान दोन तास विश्रांतीची सोय केली तर असं सलग पाच रात्री चालतं. काहींना हे आवडतं, दिवसा घरी असता येतं म्हणून. दिवसा घरी असलेला माणूस झोपतो कमी आणि घरची कामं उरकतो जास्त, हे मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही.

तिसरं घरून बेसपर्यंतच्या प्रवासाचं. कंपनीने प्रवासी म्हणून पाठवलं तर ते ड्युटीत धरतात. स्वतःच्या घरून बेसला येणं कशातच धरत नाहीत. टँपाहून पहाटे निघून दुपारी नेवार्कला हजर झालेला माणूस नियमाच्या लेखी 'विश्रांती घेतलेला' असतो. याला कायद्याने बंदी घालावी असं म्हणणारे आहेत. ते अवघड आहे आणि माझ्या मते चुकीचंही. दीड तास गाडी चालवून आलेल्याचं काय करणार? त्यापेक्षा काही कंपन्या आता आदल्या रात्रीची हॉटेलची खोली देतात किंवा दुपारनंतरच्या हजेरीची वेळापत्रकं बाहेरगावच्या लोकांसाठी बनवतात. त्याने खरा फरक पडतो.

या सगळ्यावर एक झडप आहे: पायलटने 'मी थकलोय' म्हणून नकार देणं. प्रत्येक उड्डाणाच्या कागदावर पायलट आपण तंदुरुस्त असल्याचं सांगतो, आणि थकलोय म्हटलेल्या माणसाला कंपनीने उडवायचं नाही. पुढे काय होतं तिथे खरी मेख. पायलट फॉर्म भरतो, समिती बघते. थकवा वेळापत्रकामुळे आला असं ठरलं तर पैसे मिळतात. शेजारच्या खोलीतल्या गोंगाटामुळे किंवा आजारी मुलामुळे आला असं ठरलं तर अनेक कंपन्यांत रजा कापतात नाहीतर त्या फेरीचे पगाराचे तास जातात. शिवाय हजेरीच्या रेकॉर्डवर एक टिंब. पहिल्या वर्षी पायलट प्रोबेशनवर असतो, तेव्हा ते टिंब फार मोठं दिसतं.

फेब्रुवारी २००७ मध्ये क्लीव्हलंडला बर्फात एम्ब्रेअर १७० धावपट्टी संपून पुढे गेलं. कॅप्टन आधीच्या ३२ तासांत तासभरच झोपला होता. त्याने नकार का दिला नाही? गैरहजेरीबद्दल कंपनीची कारवाई होईल या भीतीने. एनटीएसबीने अपघाताच्या कारणांत त्या हजेरी धोरणाचं नाव घेतलं. सुदैवाने कुणी गेलं नाही, आणि म्हणूनच ही घटना कुणाला आठवत नाही. कुठली कंपनी सुरक्षित हे ओळखायला मी विमानांचं वय शेवटी बघेन. आधी बघेन थकवा कळवणाऱ्याचे पैसे कापतात का, आणि ते अहवाल वाचून गेल्या वर्षात एखादं वेळापत्रक बदललं गेलं का.

दीड हजार तासांच्या नियमाबद्दल बरंच बोललं जातं. २०१३ पासून एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही १,५०० तासांचं एटीपी (एअरलाइन पायलटचं) लायसन्स लागतं. लष्करातून आलेल्यांना ७५०, विमानविद्येची पदवी असलेल्यांना १,००० पुरतात. गंमत अशी की कोल्गनच्या दोघांकडेही १,५०० पेक्षा बरेच जास्त तास होते. म्हणजे ज्या अपघातामुळे हा नियम आला तो या नियमाने टळला नसता. तरी त्याचा एक आडवाटेने फायदा झाला: उमेदवार कमी झाले आणि पगार वाढले. २००९ मध्ये कोल्गनच्या त्या फर्स्ट ऑफिसरला वर्षाला सोळा ते चोवीस हजार डॉलरच्या मध्ये काहीतरी मिळायचं. २०२२ मध्ये मोठ्या एअरलाइनच्या मालकीच्या काही रिजनल कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलर द्यायला सुरुवात केली. ७५ तासांच्या हमीने वर्षाचे ८१,००० होतात. या पगारात बेसच्या गावात खोली घेता येते, दुसरी नोकरी करावी लागत नाही. सुरक्षिततेसाठी हे कुठल्याही कलमापेक्षा कमी नाही.

पगारासोबत दुसरी अडचण आली. मोठ्या एअरलाइन्सनी रिजनल कंपन्यांचे कॅप्टन भराभर उचलले. कॅप्टन व्हायला एअरलाइनमध्ये १,००० तास लागतात, त्यामुळे फर्स्ट ऑफिसर असूनही कॅप्टनअभावी विमानं उभी राहिली, आणि जे कॅप्टन उरले त्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावणं आलं. नवशिक्या जोडीवर मात्र नियमाचं चांगलं कुंपण आहे. दोघांपैकी एकाला तरी त्या प्रकारच्या विमानाचे ७५ तास हवेतच. फर्स्ट ऑफिसरचे १०० भरले नसतील तर दृश्यमानता पाऊण मैल किंवा त्याहून कमी असताना, धावपट्टी बर्फाळ किंवा पाणी साचलेली असताना, आडवा वारा १५ नॉट्सपेक्षा जास्त असताना टेक-ऑफ आणि लँडिंग कॅप्टनच करतो, कॅप्टन स्वतःच तपासणी करणारा पायलट असेल तर गोष्ट वेगळी. गणित कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की वाईट हवेत सहाही लँडिंग एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

प्रवाशाच्या हातात काय? तिकिटात 'ऑपरेटेड बाय' पुढे कुणाचं नाव आहे ते बघा. २०१० च्या कायद्याने ते विक्रीच्या पहिल्याच पानावर दाखवणं सक्तीचं आहे. त्यावरून कंपनी टाळा असं मी म्हणणार नाही, कारण सगळ्यांना नियम तेच. त्याचा उपयोग उशीर झाला तर कुणाच्या क्रूची वाट बघतोय ते कळायला होतो. शक्य असेल तर दिवसाचं शेवटचं विमान टाळा. सुरक्षिततेसाठी नव्हे, उशिराची सगळी बेरीज त्याच्याच माथी बसते म्हणून.

गेटवर 'क्रू टाइम्ड आउट' अशी घोषणा झाली की लोक चिडतात. तिथे घडतं ते असं: तक्त्याप्रमाणे क्रूचे ११ तास ३० मिनिटं संपत आले आहेत. कंपनी ड्युटी जास्तीत जास्त दोन तास वाढवू शकते, पण कॅप्टनची संमती हवी, आणि अर्ध्या तासाहून जास्त वाढ पुढच्या ३० तासांच्या विश्रांतीपर्यंत एकदाच. ती काल वापरलेली असेल तर आज मिळत नाही. कॅप्टनने नाही म्हटलं तरी मिळत नाही, आणि त्याचं कारण त्याने काउंटरवर येऊन सांगावं असं नियमात कुठे नाही. नवा क्रू रिझर्व्हवरून बोलावतात, तो दोन तासांत पोचतो. तोपर्यंत जेवून घ्या.